सबमिशन, ओरल आणि सतत दमलेलं डोकं: सेमिस्टरभर पुरेल असा सजगतेचा सराव

पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की ध्यानाची अ‍ॅपं डाउनलोड होतात आणि शेवटचा पेपर संपला की उडवली जातात. तहान लागल्यावर विहीर खणायला घ्यावी, तसंच हे. सजगतेचा सराव, म्हणजे आत्ता काय चाललंय त्याकडे लक्ष ठेवायचा सराव (माइंडफुलनेस), अंगवळणी पडायला साधारण आठ आठवडे द्यावे लागतात. म्हणून तो सेमिस्टरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सबमिशनची धावपळ सुरू व्हायच्या आत धरायचा. त्याच्याही आधी एक काम आहे, ते म्हणजे आपण नेमके कशाने दमलोय हे तपासणं. झोप कमी पडलेल्याला ध्यानाला बसवलं तर तो पेंगतो. ज्याच्या डोक्यावर आधीच कामाचा ढीग आहे, त्याच्या ढिगात ध्यान हे आणखी एक काम होऊन बसतं.

थकवा कोणत्या जातीचा?

शनिवार-रविवार दोन दिवस पूर्ण मोकळे काढा. रात्री आठ तास झोप, अभ्यास नाही, ग्रुपवरचे मेसेज बंद. सोमवारी सकाळी स्वतःकडे बघा. डोकं हलकं झालं असेल आणि पुस्तक उघडावंसं वाटत असेल, तर तो ताण होता. ताणात छाती धडधडते, झोप तुटते, पण कारण संपलं की माणूस जाग्यावर येतो.

दोन दिवस झोपूनही जाग्यावर आला नाहीत, एकेकाळी आवडीने घेतलेल्या विषयाचं लेक्चर आता भिंतीसारखं वाटतं, तर प्रकरण बर्नआउटकडे झुकलंय. हा शब्द या अर्थाने १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी वापरला. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली केली. पुढे तिचं विद्यार्थ्यांसाठी वेगळं रूपही निघालं. त्यातल्या तीन खुणा कॉलेजच्या भाषेत अशा: अंगातलं त्राण गेलेलं असणं, ‘करून तरी काय फरक पडतो’ अशी कडवट अलिप्तता, आणि ‘मला काही येतच नाही’ ही पक्की झालेली समजूत. तिन्ही एकदम असतील तर गांभीर्याने घ्या. नुसतं पहिलं असेल तर आधी झोप आणि रक्त तपासा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. नोकरीच्या ठिकाणी साचत गेलेल्या, न सावरलेल्या ताणाचा तो परिणाम, एवढीच त्याची नोंद आहे. त्यामुळे ‘बर्नआउट झालंय यार’ म्हणून विषय तिथेच मिटवू नका. बर्नआउट अभ्यासाला चिकटलेला असतो. मित्रांबरोबर टपरीवर गेलात की अजून हसू येतं, मॅच बघताना जीव रमतो. तेही बंद झालं, जेवणाची चव गेली आणि असं रोज, दोन आठवडे चाललंय, तर नैराश्याची शंका घ्यायची. डॉक्टर त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठायचा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर असेल तर बेरीज बघत बसायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं.

आता रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिने चढताना धाप, दुपारी डोळे मिटणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं या तक्रारी हिमोग्लोबिन कमी असल्यानेही होतात, बी-१२ कमी असल्याने किंवा थायरॉइडमुळेही होतात. शाकाहारी मेसवर जगणाऱ्यांनी तर बी-१२ बघावंच. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइड) अशा तीन तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. जाता जाता एक: मेसमधून उठलं की लगेच कटिंग मारायची सवय असेल तर मधे तासभर जाऊ द्या. चहातले टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाहीत.

आठवड्याचा हिशोब

वहीच्या मागच्या पानावर करा, डोक्यात करू नका. डोक्यातला हिशोब नेहमी जमतो.

आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप म्हणजे ५६ गेले, राहिले ११२. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून ३० धरा, राहिले ८२. बदलापूरहून मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्याचे येऊन-जाऊन तीन तास, सहा दिवसांचे १८, उरले ६४. जेवण, अंघोळ, कपडे, खोली यांना रोज तीन तास, म्हणजे २१. हातात ४३ तास.

आता मागणी लिहा. असाइनमेंट आणि जर्नल १२, स्वतःचा अभ्यास २०, प्रोजेक्ट ८, प्लेसमेंटसाठी अ‍ॅप्टिट्यूड १०, फेस्टची कमिटी ८, केटीचा (आधी नापास झालेला) विषय ६. बेरीज ६४. २१ तास जास्तीचे. हे २१ तास कुठून येतात? रोजच्या झोपेतून तीन-तीन. आठाचे पाच तास होतात ते असे, आणि मग आपण म्हणतो की माझी एकाग्रता गेलीय.

इतकी तफावत कोणतंही ध्यान भरून काढत नाही. काहीतरी खाली ठेवावंच लागतं. कमिटी सोडणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जिवावर येणारं, कारण तिथे मित्र असतात. दुसरा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स बहुधा नुसत्या भीतीपोटी घेतलेला असतो, तो थांबवा. केटी असेल तर परीक्षा विभागात जाऊन पुढच्या वर्षात जाण्यासाठी नेमके किती विषय किंवा क्रेडिट सुटावे लागतात ते लेखी नियमातून बघून घ्या. सीनियरच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. पॅटर्न बदलला की नियम बदलतात आणि सीनियरला जुनाच पाठ असतो. वायडीची (वर्ष वाया जाण्याची) भीती बऱ्याचदा आकडा माहीत नसल्यामुळे वाढलेली असते.

दहा मिनिटांची बैठक

या सरावाचं मूळ आपल्याला परकं नाही. पालीत त्याला सति म्हणतात, श्वासाकडे लक्ष ठेवण्याला आनापान. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा धार्मिक संदर्भ बाजूला ठेवून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. विद्यापीठांतून शिकवले जाणारे बहुतेक वर्ग त्याच घाटाचे असतात. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना असा आठ आठवड्यांचा वर्ग मिळाला, तोही सत्र चालू असताना. मोजमाप झालं परीक्षेच्या दिवसांत, आणि वर्ग केलेल्यांचा मानसिक त्रास कमी निघाला. त्यावरून ध्यान हे व्यायामापेक्षा किंवा समुपदेशनापेक्षा भारी ठरत नाही, कारण दुसऱ्या गटाला नेहमीच्या सोयींखेरीज वेगळं काही दिलंच नव्हतं. वेळ मात्र नोंदवून ठेवा: सराव आधी, परीक्षा नंतर.

अंघोळीनंतर आणि नाश्त्याआधी बसा. जेवल्यावर नको आणि रात्री पलंगावर तर नकोच, झोप लागते. खुर्ची असेल तर खुर्चीवर, नसेल तर कॉटच्या कडेला, पाठ भिंतीपासून चार बोटं सुटलेली, दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले. हात मांडीवर. डोळे मिटा किंवा हातभर पुढे जमिनीवर ठेवा. फोन फ्लाइट मोडवर, दहा मिनिटांचा टायमर, आवाज मऊ. फोन हाताला लागणार नाही इतका लांब. रूममेटला आधी एकदा सांगून टाका. ‘हा काय करतोय’ या प्रश्नाचं ओझं घेऊन बसता येत नाही.

पहिलं मिनिट फक्त आवाज. बाथरूममध्ये बादली भरतेय, खाली मेसच्या कुकरची शिट्टी, पंख्याची एक पाती किंचित घासतेय. आवाज शोधायला जायचं नाही, येतील ते ऐकायचे. पुढची दोन मिनिटं अंग: तळवे, मांड्या, खांदे, जबडा. जबडा बहुतेकांचा आवळलेला सापडतो. दात सुटे करा.

मग सहा मिनिटं श्वास. नाकपुडीच्या कडेला हवा लागते ती जागा घ्या, नाहीतर पोटाची वर-खाली. दोहोंतली एक ठरवा आणि आठवडाभर बदलू नका. श्वास लांबवायचा नाही, खोल घ्यायचा नाही, आहे तसा बघायचा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. चौथ्या-पाचव्या आकड्याला तुम्ही लॅबमध्ये पोचलेले असाल. चालेल. कुठे गेलो होतो त्याला एका शब्दाचं नाव द्या, ‘काळजी’, ‘बेत’, ‘गाणं’, आणि एकपासून मोजायला लागा. आकडा चुकला म्हणून चरफडू नका. भटकणं लक्षात येऊन परत येणं हाच यातला व्यायाम आहे. दहा मिनिटांत चाळीस वेळा परत आलात तर चाळीस जोर झाले.

शेवटच्या मिनिटात डोळे उघडा आणि आज सगळ्यात आधी काय करायचं ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहा. ही ओळ मूळ पद्धतीत नाही, पण विद्यार्थ्यांना ती फार उपयोगी पडते. उठल्या उठल्या फोनकडे हात जायच्या आत हाताला काम मिळतं.

आठ आठवडे असे वाटा. पहिले दोन आठवडे पाचच मिनिटं. तिसऱ्यापासून दहा. पाचव्यापासून आठवड्यात दोनदा रात्री आडवं पडून वीस मिनिटं अंग न्याहाळा, पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत, एकेका भागावर चार-पाच श्वास. इथे झोप लागली तर उत्तमच. सातव्यापासून पुढे दिलेली तीन मिनिटांची रीत दिवसात दोनदा.

ज्याला बसणं अजिबात सोसत नाही त्याने शेंगदाण्यापासून सुरुवात करावी. कबाट-झिन यांच्या वर्गात मनुका देतात. आपल्याकडे भाजलेला शेंगदाणा जास्त बरा, त्यात काम जास्त आहे. एकच दाणा तळहातावर घ्या. टरफलाच्या रेघा बघा, कुठे करपलाय ते बघा. चिमटीत चोळा, साल सुटताना होणारा बारीक आवाज ऐका, फुंकर मारा. दोन पाकळ्या वेगळ्या करा, टोकाला अडकलेला इवलासा कोंब दिसतो. एक पाकळी जिभेवर ठेवून दहा सेकंद चावू नका. तोंडाला पाणी सुटतं. मग चावा, आणि गोडसर चव नेमकी कितव्या चावण्याला येते ते बघा. दोन मिनिटं जातात. तेवढ्यात एकदाही सबमिशन आठवलं नसेल तर लक्ष म्हणजे काय ते कळलं.

बिघडतं कुठे

रोज पेंग येत असेल तर आठवडाभर बैठक बंद आणि तेवढी झोप जास्त. शरीर उधारी मागतंय.

श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आवळते, गुदमरल्यासारखं होतं, असं बऱ्याच जणांना होतं. दमा किंवा पॅनिकचा अनुभव असलेल्यांना विशेष. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि तळव्यांचा फरशीला होणारा स्पर्श किंवा आवाज धरावेत. सराव तोच, खुंटी वेगळी. जुना एखादा वाईट प्रसंग वर आला, अंग बधिर झालं, आपण इथे नाहीच असं वाटलं, तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, उभं राहा, तोंडावर पाणी मारा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आणि पुन्हा बसायच्या आधी समुपदेशकाशी बोला. ‘सोसलं की साधतं’ हा सल्ला इथे घातक आहे.

याच कारणासाठी पूर्ण पिचलेल्या अवस्थेत थेट दहा दिवसांचं विपश्यना शिबिर धरू नका. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतलं इगतपुरीचं धम्मगिरी आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. तिथे फी नसते, दानावर चालतं, ‘सुट्टीत करून टाकू’ असं सहज वाटतं. पण पहाटे चारला उठणं, रोज दहाएक तास ध्यान आणि मौन हे थकलेल्या मनाला विश्रांती देणारं वेळापत्रक नव्हे. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, ते खरं भरा.

आणखी एक बिघाड उलट्या बाजूचा: जर्नल लिहायचं आहे म्हणून चाळीस मिनिटं ध्यान. ती पळवाट झाली. दहाचा टायमर वाजला की उठायचं.

ओरलच्या दाराबाहेर

लॅबबाहेरचा पॅसेज. आत रोल नंबर २३, तुमचा २६. बाहेर येणाऱ्याला सगळे घेरतात: काय विचारलं, एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) कसाय? तिथून दहा पावलं लांब उभे राहा. दुसऱ्याला विचारलेला प्रश्न तुम्हाला येईलच असं नाही, धडकी मात्र नक्की भरते.

पहिलं मिनिट: काय चाललंय ते मनात शब्दांत सांगा. ‘पोटात गोळा. तळहात ओले. उत्तरच सुचणार नाही असा विचार.’ घालवायला जाऊ नका, नोंद करा. दुसरं मिनिट: चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटात सहा. बैठकीत श्वासाला हात लावायचा नव्हता, इथे मुद्दाम लावायचा. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाचा वेग किंचित कमी करते, म्हणून बाहेरचा श्वास लांब. डोकं हलकं झालं तर आकडे कमी करा, जोराने फुंकू नका. तिसरं मिनिट: लक्ष पुन्हा बाहेर आणा. हातातली फाइल, तिचं वजन, पहिल्या प्रयोगाचा उद्देश एका वाक्यात. मग आत.

लेखी पेपरात डोकं कोरं पडलं तरी हेच, फक्त वीस सेकंदांत: पेन खाली, तळवे जमिनीवर, दोन लांब श्वास, आणि पेपरातला सगळ्यात छोटा प्रश्न.

रात्र

कॅफीनचा अर्धा अंमल उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाचा चहा पहाटे तीनला अजून अर्धा जागा असतो. संध्याकाळी पाचनंतर बंद ठेवा. नाइट मारून वाचलेलं पक्कं व्हायला झोपच लागते, त्यामुळे पेपरच्या आदल्या रात्री किमान सहा तास राखा आणि दुपारची डुलकी वीस मिनिटांच्या वर नको. वर्गाचा ग्रुप रात्री दहानंतर म्यूट. ‘तुझं किती झालं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे कोणी देत नाही.

कोणाला, काय आणि कसं सांगायचं

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तुमच्या कॉलेजात कोण आहे ते ऑफिसमध्ये विचारा. बऱ्याचदा माणूस आठवड्यातून दोनच दिवस येतो आणि बोर्डावर वेळ नसते. पहिल्या भेटीत थेट विचारा: मी बोललेलं एचओडींपर्यंत (विभागप्रमुखांपर्यंत) किंवा घरी जातं का? जिवाला धोका असेल तेव्हा सांगावं लागतं, एरवी नाही, असं उत्तर मिळायला हवं. गोलमोल मिळालं तर बाहेरचा शोधा.

गाइडला किंवा वर्गशिक्षकांना निबंध पाठवू नका. ‘सर, तीन आठवड्यांपासून झोप नीट होत नाहीये, डॉक्टरांकडे दाखवलंय. दोन जर्नल या शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारी दिली तर चालतील का? बाकीची वेळेत देतो.’ नेमकी मागणी आणि नेमकी तारीख असली की होकार सोपा जातो. अटेंडन्सची अडचण असेल तर डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागायच्या आधी भेटा, नंतर सगळेच भेटायला येतात.

घरी ‘डिप्रेशन’ हा शब्द पहिल्याच वाक्यात टाकलात तर आई घाबरते आणि बाबा ‘आमच्या वेळी’ सुरू करतात. दिसणाऱ्या गोष्टींपासून सांगा: ‘आई, महिनाभर जेवण जात नाहीये, रात्री तीनपर्यंत डोळा लागत नाही. डॉक्टरांना दाखवायचंय, सोबत येशील?’

मरून जावंसं वाटणं, निरवानिरव सुचणं, तसे बेत मनात येणं, यावर ध्यान हा उपाय नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. धोका समोर असेल तर ११२. मित्राबद्दल शंका असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कोणी विचारलं याचाच आधार होतो.

खाडे पडतात तेव्हा

गणपती, दिवाळी, सबमिशनचा आठवडा: खाडे होणारच. चार दिवस चुकले म्हणून पाचव्या दिवशी पन्नास मिनिटं बसून भरपाई करू नका. अ‍ॅपमधली सलग दिवसांची मोजणी बंद करून टाका. ती तुटली की माणूस सरावच सोडतो. पुन्हा पाच मिनिटांपासून धरा, आठवड्याने दहावर या. परीक्षा संपल्यावर सुट्टीतही पाच मिनिटं चालू ठेवली तर पुढच्या सेमिस्टरला ते आठ आठवडे पहिल्यापासून मोजावे लागत नाहीत.